ईदला बाइकवरून गावी निघताय? आधी दहा मिनिटं गाडीला द्या

चाकणच्या कारखान्यात पल्सर, डॉमिनार आणि केटीएम जोडणारे काही हात आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील भोसरी-चाकण पट्ट्यात शिफ्टला जातात. ईद आली की मागे घरचं माणूस बसवून, बॅगा बांधून हीच मंडळी बाइकवरून गावी निघतात. दुसऱ्यांच्या गाड्या तपासणारे आपण स्वतःच्या गाडीकडे मात्र बघत नाही.

आमचंही तेच झालं. काही वर्षांपूर्वी शेवटच्या रोजाला अब्बांना मागे बसवून आम्ही ताम्हिणीमार्गे कोकणात निघालो. चेन महिनाभर खडखडत होती. "ईदनंतर बघू" म्हणून टाळलं. घाटात ती निसटली. वेग कमी होता म्हणून वाचलो. चेन अडकून मागचं चाक जाम झालं असतं तर दोघेही रस्त्यावर आपटलो असतो. मोबाइलला रेंज नव्हती. अब्बांनी रस्त्याकडेच्या दगडावर बसून खजूर-पाण्यावर रोजा सोडला. शेवटी एका टेम्पोवाल्या दादांनी गाडीसकट माणगावला पोहोचवलं. इंजिन ठणठणीत होतं, नडली ती चेन. म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी एवढं बघाच. काही निघालं तर मिस्त्रीकडे जायला वेळ राहतो.

चेन : इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. बऱ्याच गाड्यांत 25 ते 35 मि.मी. ढील चालते, पण गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. फार ताणलेली चेनही वाईट. रॉकेल किंवा चेन क्लीनरने पुसा, मग ल्यूब लावा. साधारण 500 कि.मी.नंतर आणि पावसात भिजल्यावर पुन्हा लावा. इंजिन चालू ठेवून चेन कधीच पुसू नका, बोटं जातात.

टायर : हवा टायर थंड असतानाच तपासा. मागे माणूस आणि सामान असेल तर मागच्या टायरला जास्त हवा लागते. आकडा पुस्तिकेत किंवा स्टिकरवर असतो. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं असेल तर टायर बदला.

ब्रेक : पॅडची जाडी आणि डबीतल्या ब्रेक फ्लुइडची पातळी बघा. हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं. घाटात सतत ब्रेक दाबला की तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, लिव्हर मऊ लागते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी फ्लुइड बदलून घ्या. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरा. लिव्हर मऊ वाटली तर गिअर खाली घेत वेग कमी करा, बाजूला थांबा, ब्रेक थंड होऊ द्या. थंड झाल्यावरही लिव्हर मऊच राहिली तर गाडी पुढे नेऊ नका.

ऑइल आणि कूलंट : गाडी सपाट जागी सरळ उभी करून ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. डॉमिनारसारख्या गाडीत कूलंटही असतं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

रस्त्यात गाडी सुरूच झाली नाही तर?

घाबरून सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरते. क्रमाने बघा.

1. लाल किल स्विच चुकून बंद झालाय का? ही चूक सगळ्यांकडून होते.
2. साइड स्टँड वर आहे का, गाडी न्यूट्रलला आहे का? क्लच दाबून बघा.
3. टाकीत पेट्रोल आहे का?
4. सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होतं, हॉर्न क्षीण वाजतो? बॅटरी उतरली आहे किंवा तिची वायर ढिली आहे. आधी वायर घट्ट करा.
5. काहीच लागत नाही? फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. फ्यूजच्या जागी तार बांधली तर वायरिंग जळू शकतं.
6. पावसात भिजून बंद पडली? प्लगची टोपी काढून कोरडी पुसा.

एवढ्याने जमलं नाही तर खोलाखोली न करता मिस्त्री बोलवा.

सोबत गाडीची टूलकिट, पंक्चर किट, हवेचा छोटा पंप, दोन फ्यूज, टॉर्च आणि पाण्याची बाटली असू द्या. मुंबईकडे जाणाऱ्यांनी जुना हायवे धरावा, एक्सप्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे. हेल्मेट मागच्या माणसालाही हवं.

पालकांना एक विनंती. मुलाला बाइक घेऊन देता, तशी ती पुस्तिकाही त्याच्यासोबत बसून वाचा. घरात मुलगी स्कूटर चालवत असेल तर तिलाही हवा, ब्रेक आणि फ्यूज बघायला शिकवा. गावी आई दारात उभी राहून वाट बघत असते. तिच्यासाठी दहा मिनिटं जास्त नाहीत.