एकट्यांचे संघ

सुरुवातीच्या रेषेवर आडव्या फिती ताणलेल्या असतात. त्यांच्यामागे चार हेल्मेटे दिसतात, लाल, निळे, पांढरे आणि पिवळे. चार देशांचा प्रत्येकी एक रायडर. फिती झटक्यात वर जातात, मिनिटभरात मातीच्या लंबगोल धावपट्टीच्या चार फेऱ्या संपतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. लगेच पुढचे चौघे उतरतात. अशा वीस-पंचवीस शर्यती झाल्या की बेरीज करायची आणि कप द्यायचा. स्पीडवे वर्ल्ड कपचा ढाचा एवढाच आहे.

मला यात पहिल्यापासून एकच गोष्ट खटकत आली आहे. ही सांघिक स्पर्धा, पण धावपट्टीवर संघ कधीच दिसत नाही. पास देणारा कोणी नाही, झेल घेणारा कोणी नाही. ज्याच्या अंगावर देशाचे रंग आहेत तो त्या मिनिटभर पूर्ण एकटा असतो, आणि त्याच्या हाताखालची गाडीही काही साधीसुधी नसते.

500 सीसीचे, एकाच सिलिंडरचे इंजिन, मिथेनॉलवर चालणारे. नियमाने किमान वजन 77 किलो, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या कोणत्याही मोटरसायकलपेक्षा बरेच कमी. एकच गिअर, आणि ब्रेक नाहीत. पुढे नाहीत, मागेही नाहीत. हा निव्वळ वेडेपणा वाटतो, पण त्यामागे शहाणपण आहे. चौघे एकमेकांना खेटून वळणात शिरतात. त्यातल्या एकाने अचानक ब्रेक मारला तर मागच्याला जायला जागाच उरत नाही. वळण घेण्याची रीतही उफराटी. सगळी वळणे डावीकडची, पण पुढचे चाक असते उजवीकडे वळवलेले. मागचे चाक मातीत फिरत बाहेरच्या बाजूला घसरते आणि ती घसरणच गाडीला वळवते. डावा पाय जमिनीवर घासत जातो. त्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो. घाबरून गॅस सोडला तर मागचे चाक पकड घेते आणि गाडी सरळ कुंपणाकडे निघते. तेव्हा भीती वाटली की गॅस वाढवायचा, हे नवशिक्याला अंगवळणी पाडून घ्यावे लागते.

जावा हे नाव आपल्याकडच्या दोन पिढ्यांना माहीत आहे ते म्हैसूरच्या कारखान्यामुळे. या खेळात मात्र जावा म्हणजे चेक देशातल्या दिविशोव्हची खास शर्यतीची गाडी. यारोस्लाव्ह सिमांडलने ‘एसो’ नावाने ती सुरू केली. 1964 मध्ये एसो जावात विलीन झाली. पुढे इटलीच्या जीएम इंजिनांनी तिला तगडी टक्कर दिली.

सांघिक विश्वविजेतेपद सुरू झाले 1960 साली, गोटेनबर्गला. पहिल्यांदा स्वीडन जिंकले, पुढच्या वर्षी व्रोत्सवाफला पोलंड. त्यानंतरचा एक तिढा मला फार मजेशीर वाटतो. 1968 साली ग्रेट ब्रिटन विश्वविजेते झाले, पण त्या संघाचे आधारस्तंभ आयव्हन मॉगर आणि बॅरी ब्रिग्ज होते न्यूझीलंडचे! राष्ट्रकुलातले रायडर ब्रिटिश क्लबांकडून खेळायचे, त्यामुळे ते ब्रिटनच्या झेंड्याखाली मोजले जायचे. 1974 पासून इंग्लंड एकटे उतरू लागले आणि बाकीच्यांना आपापला देश परत मिळाला. त्याचे फळ लवकरच दिसले. 1976 साली लंडनच्या व्हाइट सिटीवर ऑस्ट्रेलिया जिंकले, 1979 साली त्याच मैदानावर न्यूझीलंड, आणि त्या संघात मॉगर होता. ज्या देशाला इतकी वर्षे स्वतःचा संघच नव्हता, त्याने साम्राज्याच्या राजधानीत येऊन कप उचलला. 1976 च्या ऑस्ट्रेलियन संघातल्या फिल क्रंपचा मुलगा जेसन. 2001 साली स्पर्धा ‘वर्ल्ड कप’ या नव्या नावाने आणि पाच वेळच्या विश्वविजेत्या ओव्हे फुंदिनच्या नावाच्या चषकासह सुरू झाली, तेव्हा पहिले दोन कप जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघात जेसन होता.

या एकटेपणात जोखीमही आहे. 1989 ची अंतिम फेरी ब्रॅडफर्डच्या ओडसल स्टेडियमवर झाली. पहिल्याच शर्यतीत, पहिल्याच वळणावर अपघात झाला. तीन वेळा वैयक्तिक विश्वविजेता ठरलेला डेन्मार्कचा एरिक गुंडरसन त्यात मरता मरता वाचला. तो पुन्हा चालू लागला, शर्यतीत मात्र परत कधी उतरला नाही. त्या दिवशी कप इंग्लंडने जिंकला.

तर धावपट्टीवर न दिसणारा संघ असतो कुठे? गाड्या तयार होतात त्या जागेत, म्हणजे पिट्समध्ये. सुरुवातीच्या रेषेवरचे आतल्या बाजूचे गेट जवळचे, पण तिथली माती आता उखडली आहे का? मध्यंतरात ट्रॅक्टर फिरला, पाणी मारले, मग बाहेरून पकड मिळेल का? नुकताच धुळीने माखून आलेला रायडर पुढच्याला हे सांगतो. एखाद्याचे इंजिन बसले तर सहकाऱ्याची गाडी त्याला मिळते. आणि मॅनेजरच्या हातात असायचा जोकर. संघ सहा गुणांनी मागे पडला की तो एका शर्यतीत रायडर बदलून उतरवू शके, आणि त्याचे गुण दुप्पट मोजले जात. तिनाचे सहा. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली, पण मॅनेजर नुसता टाळ्या वाजवायला उभा नाही हे त्या एका नियमाने दाखवून दिले, असे माझे मत.

2001 ते 2017 या सतरा स्पर्धांपैकी आठ पोलंडने जिंकल्या. कारण लेश्नो, गोझूफ, टोरुन अशा गावांमध्ये सापडते. मोठ्या शहरांना फुटबॉलचे वेड असेल. या गावांत स्टेडियम भरते ते स्पीडवेसाठी. पोलिश लीगमध्ये पैसा आहे, म्हणून डेन्मार्क, स्वीडन, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचे नामवंत रायडर तिथेच खेळतात. आयपीएलमध्ये होते तसेच इथेही: एरवी एकाच क्लबचे कपडे घालणारे वर्ल्ड कपमध्ये समोरासमोर येतात. पोलंडने आपल्या पैशाने प्रतिस्पर्ध्यांना आपल्याच धावपट्ट्या पाठ करून दिल्या आहेत. 2014 साली बिडगोश्चला, यजमानांच्या घरात, डेन्मार्कने कप नेला तो अवघ्या एका गुणाने.

2018 मध्ये वर्ल्ड कप बाजूला ठेवून ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ आणले गेले. शर्यतीत आता एका देशाचे दोघे विरुद्ध दुसऱ्याचे दोघे. दोन उत्तम रायडर असले की देशाचे भागते. पोलंडकडे चांगले दहा असतील, पण आठ जण कठड्यापाशी उभे! पहिली तिन्ही वर्षे रशिया जिंकले. पुढे गुणही बदलले: चार, तीन, दोन आणि शून्य. हा हिशेब नीट बघण्यासारखा आहे. तुमचा एक पहिला आणि दुसरा शेवटचा आला तर चार गुण. समोरचे दुसरे-तिसरे आले तर पाच. म्हणजे पुढे सुसाट निघालेल्याने मान वळवून जोडीदार कुठे आहे ते बघायचे, वेळ पडली तर वेग आवरून त्याच्यासाठी वाट अडवायची. इतकी वर्षे पिट्समध्ये दडलेला संघ अखेर मातीवर आला.

2021 मध्ये मँचेस्टरला या हिशेबाची किंमत पोलंडने मोजली. शेवटच्या शर्यतीत त्यांचा बार्तोश झ्मार्झलिक पहिला आला. त्याच्यामागे दुसरे-तिसरे आले ब्रिटनचे रॉबर्ट लॅम्बर्ट आणि डॅन ब्यूली, आणि सुवर्ण ब्रिटनला गेले, 1989 च्या इंग्लंडच्या विजयानंतर प्रथमच. 2023 मध्ये जुन्या पद्धतीचा वर्ल्ड कप व्रोत्सवाफला पुन्हा भरला, चार हेल्मेटे चार देशांची, आणि पोलंडने तो जिंकून दाखवला. पुढच्याच वर्षी जोडीची स्पर्धा परतली, ठिकाण पुन्हा मँचेस्टर, विजेते पुन्हा ब्रिटन.