ट्रॅकसाठी हलकी गाडी

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या वेगवेड्या तरुणांनी स्पोर्ट्स कारच्या किमती पाहून निराश होऊ नये. ट्रॅकसाठी आधी वजन बघावं, मग इंजिनाची ताकद. सारख्याच वेगातून थांबताना ८५० किलोच्या गाडीचे ब्रेक ११०० किलोच्या गाडीपेक्षा सुमारे २३ टक्के कमी उष्णता झेलतात. २०१८ साली आलेली पेट्रोल स्विफ्ट ९०० किलोच्या आत आहे. गंज आणि अपघात नसलेली जुनी मिळाली, तर सुरुवातीला तीच घ्यावी.

खर्चाचा क्रम मात्र बहुतेक जण उलटा लावतात. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आधी, ब्रेक शेवटी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. असं जुनं ऑइल ट्रॅकवर तापून उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातं. म्हणून पहिला पैसा नवं ऑइल आणि चांगल्या पॅडवर, मग टायर, मग सस्पेन्शन.

रस्त्यावरच्या, एमएच-०५ पाटीच्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला चालत नाहीत. काटई-बदलापूर रस्त्यावर शर्यत लावणं तर कलम १८९ खाली गुन्हाच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइंबतूरला करी मोटर स्पीडवेवर खरे ट्रॅक आहेत. लांब पडलं तरी तिथेच जा.