संकेतस्थळाची नाडी कुठे पाहायची?

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. नव्या कायद्यानुसार आरोग्य विमा घ्यायचा, तर ३६ राज्यांतील नागरिकांसाठी हीच मुख्य वाट होती. पहिल्याच दिवशी लाखो लोकांनी तिथे धाव घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी नोंद केली : पूर्ण झालेल्या विमा नोंदण्या, ६. त्या दिवसअखेर हा आकडा २४८ झाला.

गर्दीने संकेतस्थळ कोलमडणे आपल्याला नवे नाही. खरी धक्कादायक बाब महिनाअखेरीस पुढे आली. मदतीसाठी आलेल्या अभियंत्यांमध्ये गुगलचे मायकी डिकरसन होते. या पथकाला आढळले, की संकेतस्थळावर या क्षणी किती लोक आहेत, कोणते पान उघडायला किती वेळ लागतो, गर्दी कुठे तुंबते, हे एका नजरेत दाखवणारा फलकच नाही. किती जण पैलतीरी पोहोचले ते कळत होते. बाकीचे कुठे बुडाले ते कळत नव्हते. पथकाने पाचेक तासांत असा फलक उभा केला आणि मग दुरुस्तीला दिशा मिळाली.

आज अनेक मोठी संकेतस्थळे ‘क्लाउड’वर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या संगणकांवर चालतात. भाड्याबरोबर काही मोजमापे आपोआप मिळतात : प्रोसेसरवर किती भार आहे, नेटवर्कवरून किती माहिती गेली वगैरे. ही झाली ताप आणि रक्तदाबाची नोंद. ती हवीच, पण ताप नाही म्हणून रुग्ण बरा आहे असे डॉक्टर मानत नाहीत. ‘कुठे दुखते?’ हे विचारावेच लागते.

संकेतस्थळाला हा प्रश्न विचारण्याची सोय म्हणजे ‘कस्टम मेट्रिक’, आपण स्वतः ठरवलेले मोजमाप. अर्ज भरण्याच्या प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रॅममध्ये दोन-चार ओळी घालायच्या. टप्पा सुरू झाला की घड्याळ चालू, संपला की बंद. यशस्वी झाला तर एका मोजणीत एक वाढवायचा, फसला तर दुसरीत. हे आकडे ठरावीक वेळाने देखरेख करणाऱ्या यंत्रणेकडे जातात. तिथे आलेख बनतो आणि मर्यादा ओलांडली की अभियंत्याचा फोन वाजतो. प्रोसेसर निवांत असताना खाते उघडण्याच्या पानावर शंभरातले नव्वद जण परत फिरत असतील, तर ते फक्त याच आकड्यांतून दिसते.

आकडेही फसवतात. समजा, १०० जणांपैकी ९५ जणांना अर्ध्या सेकंदात उत्तर मिळाले आणि ५ जण ३० सेकंद ताटकळले. सरासरी येते दोन सेकंदांच्या आत. फलक पाहणारा खूश. पण ते पाच जण केव्हाच कंटाळून निघून गेलेले. म्हणून जाणकार सरासरीवर थांबत नाहीत. सर्वांत मागे राहिलेल्या पाच टक्के किंवा एक टक्का लोकांना किती थांबावे लागले, हेही पाहतात.

एक पथ्य महत्त्वाचे. मोजायचे ते टप्पे, माणसे नव्हेत. आजाराचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा ओळखपत्राचा तपशील या नोंदींत शिरता कामा नये. ‘पाचवा टप्पा, अयशस्वी’ एवढे पुरते.

आपल्याकडे २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटासाठी ‘कोविन’वर लसनोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. आकडा प्रचंडच होता. पण वेळेचा स्लॉट मिळवण्यासाठी मोबाइलवर बोट ठेवून बसलेल्यांना आठवत असेल, की नोंदणी होणे आणि लस मिळणे यांत बरेच अंतर होते. तुटवडा लशीचा होता, तो फलकाने भरून निघणारा नव्हता. तरीही आपण कोणता आकडा अभिमानाने सांगतो आणि नागरिकाला कोणता हवा असतो, हा फरक तिथेही होताच.

अमेरिकेतील संकेतस्थळ पुढे सावरले. ऑक्टोबरअखेर पान उघडायला सरासरी ८ सेकंद लागत. १ डिसेंबरच्या सरकारी अहवालात हा वेळ एका सेकंदाच्या आत आला होता. एप्रिल २०१४ पर्यंत केंद्राच्या आणि राज्यांच्या संकेतस्थळांवरून मिळून सुमारे ८० लाख लोकांनी विमा योजना निवडली. डिकरसन यांनी पुढे भरवशाच्या यंत्रणेची उतरंड मांडली. तिच्यात सर्वांत तळाशी, पाया म्हणून, देखरेख आहे.

रुग्णालय असो, विमा असो वा लसीकरण, आता पहिली खिडकी पडद्यावर उघडते. खऱ्या खिडकीपुढची रांग निदान डोळ्यांना दिसते. पडद्यामागची रांग कुणी मोजली नाही, तर ती नसल्यातच जमा होते आणि तिच्यात उभा असलेला माणूसही.