बंड्या दिसला का हो कुणाला?

निपाणी तालुक्यातलं यमगर्णी गाव आपल्याला नवीन नाही. कोल्हापूरहून बेळगावला जाताना हायवेवरच लागतं. वेदगंगेला पूर आला की रस्ता बंद होतो, तेच हे गाव. जुलै २०२४ मध्ये मात्र यमगर्णीचं नाव पेपरात आलं ते एका कुत्र्यामुळं. त्याचं नाव महाराज. जूनअखेरीस गावातले एक वारकरी पायी पंढरपूरला निघाले, तेव्हा भजनाच्या आवाजामागोमाग हाही चालत गेला. दर्शन घेऊन मंडळी बाहेर आली तर महाराज गायब! शोधाशोध झाली. कुणी म्हणालं, दुसऱ्या मंडळींबरोबर गेला. वारकरी १४ जुलैला घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी महाराज दारात शेपूट हलवत उभा! सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर अंतर तो एकटा चालून आला होता. गावानं त्याला हार घातला, जेवणावळ घातली.

त्याच वर्षी दिवाळीत आमचा बंड्या हरवला आणि ही गोष्ट मी किमान पन्नास जणांच्या तोंडून ऐकली. "वैनी, काळजी करू नका. यमगर्णीचं कुत्रं पंढरपूरहून आलं की! तुमचं काय लांब गेलंय?" ऐकताना धीर यायचा. रात्री मात्र तीच गोष्ट टोचायची. तो आला, मग आमचा का नाही?

बंड्या गावठी, तांबूस रंगाचा, सहा वर्षांचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत मोठ्या माळा लागल्या आणि बंद फाटक असूनही तो मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत. फटाक्याच्या आवाजानं घाबरलेलं जनावर वाट बघत नाही, फक्त पळतं. दिवाळीत आणि विसर्जन मिरवणुकीत कुत्री हरवतात ती अशी.

शोधायचं कुठं?

त्या दिवसांत मी जे शिकले, ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगते. ही वेळ कुणावर येऊ नये, पण आली तर पहिले दोन दिवस रडण्यात घालवू नका.

सुरुवात घराजवळून करायची. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाली होती. त्यातली जवळजवळ निम्मी आसपासच्या भागात शोधल्यामुळं सापडली आणि साधारण वीस टक्के आपणहून घरी आली. आपल्याकडचे रस्ते, मोकाट कुत्री, रहदारी सगळंच वेगळं, त्यामुळं हे आकडे जसेच्या तसे इथं लागू करता येणार नाहीत. पण गाडी काढून लांब धावण्याआधी बांधकामं, पत्र्याची शेड, पार्किंगमधल्या गाड्यांखालच्या जागा बघा, हे सांगणं इथंही खरं आहे.

दुसरं म्हणजे पहाटेची माणसं गाठा. गंगावेशीत दूध काढून देणारे गवळी, पेपर टाकणारी पोरं, घंटागाडीवाले, रंकाळ्यावर फिरायला येणारे आजोबा, तालमीत जाणारी मुलं. शहर झोपलेलं असताना रस्त्यावर काय चाललंय ते यांनाच माहीत असतं. घाबरलेलं कुत्रं दिवसा लपतं आणि पहाटे चार-पाचला बाहेर येतं. भूक लागली की मटणाची दुकानं, हॉटेलांची मागची बाजू, मंगल कार्यालयं इकडं वळतं. रिक्षा स्टॉपवरही सांगून ठेवा. आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या मामांनी तर बंड्याचा फोटो काचेलाच चिकटवला होता.

तिसरं, पत्रक. आपल्या कोल्हापुरात कुणाच्याही वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, त्यामुळं माझ्या दिरांना लगेच फ्लेक्सच सुचला. पण साध्या झेरॉक्सनं काम होतं. मोठा फोटो, रंग, कुठून हरवला, फोन नंबर. मात्र एक खूण पत्रकात लिहू नका. बंड्याच्या पोटावर पांढरा ठिपका होता, तो आम्ही लिहिला नाही. "कुत्रं माझ्याकडं आहे, आधी पैसे पाठवा," असे दोन फोन आलेच. "पोटावर काय खूण आहे?" विचारलं की समोरून फोन कट! चोरीचा संशय असेल तर पोलिसांत तक्रार देता येते, तेवढं लक्षात असू द्या.

महापालिकेच्या कुत्री पकडणाऱ्या गाडीकडंही चौकशी करावी. नसबंदीसाठी उचललेली कुत्री जिथून उचलली तिथंच परत सोडायची, असं २०२३ च्या केंद्रीय नियमांत आहे. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते. गळ्यात पट्टा नसलेलं घरचं कुत्रं भटकं समजून उचललं जाऊ शकतं, म्हणून नंबर लिहिलेला पट्टा कायम हवा. मायक्रोचिपबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ कातडीखाली बसवतात. पण ती कुत्रं कुठं आहे ते सांगत नाही. कुणीतरी स्कॅनर फिरवला तरच तिच्यातला पंधरा आकडी नंबर वाचता येतो.

आणि कुत्रं दिसलं तर त्याच्यामागं पळू नका! घाबरलेलं कुत्रं मालकालाही ओळखत नाही. खाली बसा, तोंड थोडं बाजूला वळवा, हळू आवाजात नेहमीचं नाव घ्या. कुणाला चावलं, ओरबाडलं तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. हळद-चुना लावत बसू नका.

"एवढं काय, कुत्रं तर होतं!"

हे सगळं करता येतं. करता येत नाही ते दुसरंच काहीतरी. आठव्या दिवशी हळदीकुंकवाला एकजण म्हणाल्या, "अगं, माणसं मरतात तरी लोक इतकं करत नाहीत. दुसरं पिल्लू आण की!" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा त्यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. माणूस गेला म्हणावं तर खात्री नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. अशा दुःखाचा शेवटच होत नाही, असं त्या सांगतात. याच विषयावरचं त्यांचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. सैनिकाची आणि कुत्र्याची बरोबरी मला करायची नाही. पण जेवायला बसलं की फाटकाकडं कान जाणं, लांबून तांबूस काही दिसलं की काळीज हलणं, हे त्याच जातीचं आहे. मेलेल्यासाठी दिवस असतात, तेरावं असतं, लोक भेटायला येतात. हरवलेल्यासाठी काहीच नसतं. म्हणून आपणच काहीतरी ठरवावं लागतं.

आम्ही ठरवलं, एक महिना रोज शोधायचं. सकाळी मी, संध्याकाळी हे. बाकीच्या वेळी घर नेहमीसारखं चालवायचं. रोज कुठं गेलो ते वहीत लिहायचं, म्हणजे तेच तेच रस्ते होत नाहीत आणि आपण काही केलं नाही असंही वाटत नाही. धाकट्या मुलाला "बंड्या मामाच्या शेतावर गेलाय" असं सांगायला सगळे सुचवत होते. आम्ही खरं सांगितलं. "हरवलाय, शोधतोय, सापडेल का ते माहीत नाही." तो रडला, पण दुसऱ्या दिवशी पत्रकं चिकटवायला डिंकाची बाटली घेऊन तोच पुढं होता.

माझ्या सासूबाईंनी बंड्याला सहा वर्षांत एकदाही स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. त्या रोज तिन्हीसांजेला दारात उभ्या राहून हाक मारायच्या. "बंड्या, आलास का रं?" पंधराव्या दिवशी कळंब्याहून फोन आला. धावत गेलो. कुत्रं तांबूस होतं, पण पोटावर ठिपका नव्हता. पट्ट्यावरचे पुसट आकडे जुळवत आम्ही दोन दिवसांत त्याचं घर शोधलं. दार उघडणाऱ्या आजींनी कुत्र्याला मिठी मारली आणि मग मला. त्या रात्री मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

बंड्या आला नाही. महिना संपला, वही कपाटात गेली, त्याची ताटली सासूबाईंनी घासून फडताळात ठेवली. टाकली नाही. त्यानंतर आणखी एक दिवाळी येऊन गेली.

कुत्री घर कसं शोधतात, याचा थोडा उलगडा झालाय. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस बांधून जंगलात सोडलं होतं. परतताना बरीच कुत्री आधी वीसेक मीटर उत्तर-दक्षिण धावायची आणि मग जवळच्या वाटेनं यायची. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांना उपयोग होत असावा, असा अंदाज आहे. पण वाट कळली तरी वाटेत हायवे असतो, दुसऱ्या गल्लीतली कुत्री असतात, कुणाचा तरी दगड असतो. महाराज पोहोचला हे आपलं नशीब म्हणायचं. जे पोहोचत नाहीत, त्यांचं घरावरचं प्रेम कमी होतं असं मुळीच नाही, हे मी आता स्वतःला सांगू शकते.

म्हणून एवढंच सांगते. दिवाळीच्या चार रात्री आपलं जनावर आतल्या खोलीत ठेवा, पट्ट्यावर ठळक नंबर लिहा, त्याचा एक स्पष्ट फोटो फोनमध्ये असू द्या. आणि तुमच्या दाराशी गळ्यात पट्टा असलेलं, बावरलेलं कुत्रं आलं तर हाकलू नका. वाटीभर पाणी ठेवा आणि तो नंबर वाचा. पलीकडं कुणीतरी फोन हातात धरून बसलेलं असतं.