औषधचिठ्ठीची राखण

१९९४ साली दिल्ली सरकारने औषधधोरण अंगीकारले आणि डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्या मार्गदर्शनाखाली अत्यावश्यक औषधांची यादी व रुग्णालयांची एकत्रित खरेदी यांची घडी बसली. परंतु भांडारातले औषध कितीही उत्तम असले, तरी चिठ्ठी असुरक्षित असेल, तर रुग्णाचे हित साधत नाही. म्हणूनच मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मधील काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील व झोपेची औषधे विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व परिमाण यांची नोंद दुकानदाराने स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपावी, असा देशभर दंडक आहे. दवाखान्यानेही कोऱ्या चिठ्ठ्या व शिक्के कुलूपबंद ठेवावेत, दिलेल्या चिठ्ठीची दप्तरी नोंद करावी आणि मात्रा अक्षरांतही लिहावी. कारण या दक्षतेवरच रुग्णाचा विश्वास आणि प्राण अवलंबून आहेत.