मातीखालची वीज

खांबावरची तार तुटली तर शेजारीसुद्धा धावत येऊन सांगतो. जमिनीखालची तार मात्र गुपचूप कुजत राहते, आणि तिची आठवण होते ती पलीकडचा दिवा विझल्यावरच!

अंबरनाथ-बदलापूरकडे अजूनही अंगणवाली घरे आहेत. आवाराच्या टोकाला मोटारीसाठी वेगळे गॅरेज असते आणि घरातून तिथवर वीज जाते ती मातीखालून. आमच्या बदलापूरच्या घरीही तसेच आहे. अंतर पंचवीस मीटर. तार आधीच्या मालकांच्या वेळची.

गेल्या पावसाळ्यात सर आली की साऱ्या घरात अंधार होऊ लागला. ऊन पडले की सारे सुरळीत. मुख्य बोर्डावरचा आरसीसीबी पडत होता. हा स्विच म्हणजे मोठा काटेकोर हिशेबनीस! घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज तो सारखी ताडून पाहतो. तीस मिलिअँपियरची, म्हणजे एका अँपियरच्या शंभरातल्या तीन भागांची तूट दिसली, की क्षणात पुरवठा तोडतो. ती तूट कुठे जाते? ओल्या मातीत, लोखंडी शटरमध्ये. आणि शटरला हात लावणाऱ्या अनवाणी माणसाच्या अंगातही.

"तो स्विचच काढून टाका, कटकट मिटेल," असा सल्ला देणारे एक गृहस्थ भेटलेच. गस्तवाला ओरडतो म्हणून त्यालाच घरी पाठवण्यासारखे हे झाले. आमच्या गॅरेजात पोरे सायकली काढायला दिवसातून दहादा जातात. आम्ही स्विच ठेवला आणि वायरमनला बोलावले.

त्याने तारेची दोन्ही टोके सोडवून मेगर लावला. हे यंत्र पाचशे व्होल्टचा दाब देऊन तारेवरचे आवरण किती शाबूत आहे ते सांगते. निदान एक मेगओहम तरी दिसायला हवा. आमचा काटा शून्यापाशीच लोळत होता. खणले, तर जेमतेम वीतभर खोलीवर पातळ नळीत साधी ॲल्युमिनियमची तार, मध्येच चिकटपट्टी गुंडाळलेला जोड, आणि जोडाच्या जागी पांढरी भुकटी!

"काका, नवा जोड मारून देतो. दोन तासांत दिवा लागेल."

"आणि पुढच्या पावसात?"

"पुढच्या पावसात पुन्हा बोलवा!" तो हसून म्हणाला. माणूस प्रामाणिक होता.

उल्हास नदीकाठच्या गावात पाण्याशी अशी तडजोड चालत नाही. २६ जुलै २००५ चा पूर इथले लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसच पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले. तेव्हा ठरवले, की जोड नको, सबंध तारच नवी घालायची.

केबल उल्हासनगरहून आणली. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित, आणि १९४९ साली मिळालेले हे नाव. या गावाने व्यापारावर संसार उभे केले. दुकानातल्या वृद्ध शेठजींनी केबलच्या अंगावरचा ठसा स्वतः वाचून दाखवला: आयएसआय खूण, जाडी, व्होल्ट. घेतली ती पोलादी चिलखताची, तांब्याची, तीन गाभ्यांची, सहा चौरस मिलिमीटरची. उद्या विजेची मोटार आली, तर तिला सोळा अँपियर लागतील. तेवढ्या भारालाही या केबलीत अडीच व्होल्टच्या आसपासच दाब घटतो.

पाऊस ओसरल्यावर, मुख्य स्विच बंद करून, पाऊण मीटर खोल चर खणला. तळाशी वाळू, वाळूवर केबल, पुन्हा वाळू, वर आडव्या विटा, आणि अर्ध्या मातीनंतर धोक्याची पिवळी पट्टी. पुढे कोणी आंब्यासाठी खड्डा खणला, तर कुदळीला आधी पट्टी लागावी, मग वीट. मोटारीच्या वाटेखाली केबल जाड नळीतून नेली आणि नळीची तोंडे बुजवली. वळणे ऐसपैस ठेवली. चिलखत अर्थिंगला जोडले. गॅरेजच्या लाइनला स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र आरसीसीबी दिला. आता तिकडे बिघाड झाला, तरी घरातला स्वयंपाक अंधारात होणार नाही. माती लोटण्यापूर्वी आणि लोटल्यावर, दोन्ही वेळा मेगर लावून पाहिला.

हे काम परवानाधारक माणसाचेच. घरच्याने स्क्रूड्रायव्हर हाती घेऊन पराक्रम करण्याचे नव्हे. मात्र लक्ष घरच्यानेच ठेवायला हवे. मीटरपुढच्या तारांची जबाबदारी वीज कंपनीची नसते, आपली असते. आरसीसीबीवर 'टेस्ट'चे बटन असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. दाबूनही स्विच पडला नाही, तर हिशेबनीस झोपला असे समजावे.

आणखी एक काम बिनखर्चाचे आहे. चर उघडा असतानाच कागदावर नकाशा काढावा: भिंतीपासून किती फूट, नळाच्या पाइपापासून किती, वळण कुठे. तो मीटरपेटीच्या दाराला आतून चिकटवावा. आमच्या नकाशावर सौ.ने खाली तारीख घातली आणि लिहिले, "इथे खणू नये." वीस वर्षांनी या घरात कोण राहत असेल कोण जाणे, पण कुदळ उचलण्यापूर्वी त्याने तेवढे वाचावे.