बॉम्बर कपाटात का मावत नाही?

लढाऊ विमानांची मोठी मॉडेल जमवणाऱ्यांना बॉम्बर क्वचितच मिळतो. १/३२ म्हणजे खऱ्याचा बत्तिसावा भाग. या मापात स्पिटफायरचे पंख ३५ सेंटिमीटर भरतात, लिबरेटरचे मात्र तब्बल १०५! महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमाने दुरुस्त होऊन १९४८ पासून आपल्या हवाई दलात आली, म्हणून त्यांचे आम्हाला अप्रूप. पण एवढ्या मोठ्या भागांचे पोलादी साचे महाग, खोके अवजड आणि गिऱ्हाईक थोडे. पैसा आधी साच्यात अडकतो, विक्री नंतर. त्यामुळे कारखानदार कचरतात. वारासिवनीतल्या मुलांना आम्ही १/७२ चे मॉडेलच सुचवतो. ते ४७ सेंटिमीटरचे, कपाटात मावते. अर्धवट राहिलेल्या मोठ्या विमानापेक्षा पुरे झालेले छोटे विमान हौस टिकवते.